लोटलीकरांची नोंद

“मग त्या चार हजार नोंदी खोट्या आणि एकटी रेश्मा खरी, असं म्हणायचंय का तुम्हाला, बाई?”

शंतनूनं हे विचारलं तेव्हा तो उभा होता आणि बाई बसल्या होत्या. आमच्याकडे बाईंसमोर असं उभं राहून कुणी बोलत नाही. पण त्याला सही हवी होती, घाई होती, आणि शिवाय तो शंतनू हिरवे होता.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“मी अजून काहीच म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी फक्त वाचलं.”

पुढचं सांगण्याआधी कोण कोण ते सांगून टाकते. बाई म्हणजे डॉ. प्रमिला सबनीस, आमच्या विद्यापीठातल्या जैवमाहितीशास्त्र विभागाच्या प्रमुख. बाकीचे विभाग आपापल्या प्रमुखांना मॅडम म्हणतात. आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं जातं, की बाई म्हणायचं.

विभाग दोन खोल्यांचा. काम प्रोटीनचं, पण नळ्या-बाटल्यांतलं नाही, संगणकावरचं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. त्या माळेचा क्रम बघायचा आणि हे प्रोटीन पेशीत काय काम करत असेल ते ओळखायचं. एवढाच आमचा धंदा.

खोल्या दोनच असल्या, तरी या विषयातला माणूस देशात कुठंही भेटला आणि ‘मी सबनीस बाईंची विद्यार्थिनी’ असं म्हटलं, की तो आधी खुर्ची पुढे करतो. मी एकोणीस वर्षं बाईंच्या हाताखाली आहे. आधी शिकले, आता इथले संगणक सांभाळते. मला याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

शंतनू आमच्यातला सगळ्यात हुशार. हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला, पण आहे ते आहे. त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता, नाव ‘पारखी’. प्रोटीनचा क्रम घातला की पारखी त्याचं काम सांगायचा. शंभरातली शहाण्णव उत्तरं बरोबर. परदेशातून दोन आमंत्रणं आली, आणि त्या दिवसापासून शंतनू जिना दोन-दोन पायऱ्या सोडून चढायला लागला.

राहिली रेश्मा तांबोळी. शेजारच्या जीवरसायन विभागातली, बार्शीची, शिष्यवृत्तीवर काम करणारी. कोकणातल्या एका गरम पाण्याच्या कुंडातल्या जिवाणूचं एक प्रोटीन पारखीनं निवडलं होतं. हे प्रोटीन साखर तोडतं, असं त्याचं म्हणणं. ते नळीत करून दाखवायचं काम रेश्माचं.

आठ महिने झाले. तिनं ते प्रोटीन अकरा वेळा तयार केलं, अकरा वेळा शुद्ध केलं. साखरेचा एक कण तुटला नाही.

सोमवारी समितीची बैठक होती. शिष्यवृत्ती चालू ठेवायची की थांबवायची ते ठरणार होतं. प्रकल्प आमच्या विभागाचा, म्हणून प्रयोग का फसला याचा अहवाल शंतनूनं लिहिला होता, आणि कारण एका ओळीत दिलं होतं... ‘हाताळणीतील त्रुटी’.

त्याखाली बाईंची सही झाली, की रेश्मा घरी जाणार. हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही. तिनं खोलीतल्या मैत्रिणीला, माझी पुस्तकं कुणाला हवी आहेत का बघ, असं सांगून ठेवलं होतं.

शंतनू काही दुष्ट माणूस नव्हे. त्याला खरंच तसं वाटत होतं. जगभरच्या प्रोटीनांची नोंद असलेल्या डेटाबँकेत या प्रोटीनच्या कुळातल्या चार हजार एकशे बारा प्रोटीनांच्या नोंदी होत्या आणि प्रत्येकीवर लिहिलं होतं, साखर तोडणारं. पारखीही तेच म्हणत होता. वर रेश्मा स्वतःच सांगत होती, की नळीत जेवढी साखर घालते तेवढी शेवटी परत मिळत नाही, आणि तुटलेले तुकडेही दिसत नाहीत. मग साखर गेली कुठं? सांडली असणार. त्याच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

बाई मात्र टोपण लावलेलं पेन हातात धरून बसल्या होत्या.

“चार हजार नोंदी,” त्या म्हणाल्या. “त्यांतल्या किती जणांनी पाहिलंय?”

“म्हणजे?”

“साखर तुटताना.”

शंतनू हसला. त्यानं बाईंना समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतात तसं. आजकाल प्रत्येक प्रोटीनचा प्रयोग कुणी करत नाही, एवढा वेळ कुणाकडे आहे, एकाचं काम कळलं की त्याच्यासारख्या दुसऱ्याला तेच नाव देतात. अख्खी डेटाबँक अशीच भरली आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हे सगळं तो त्यांच्याकडूनच शिकला होता, हे मी तेव्हा बोलले नाही, पण जीभ वळवळत होती.

“बरं,” बाई म्हणाल्या. “एक आण.”

“काय?”

“चार हजारांतला एक. ज्यानं हे प्रोटीन नळीत घातलं, साखर घातली आणि तुटलेली पाहिली. असा एक आण. मी सही करते.”

“एकच?”

“एकच.”

“उद्या सकाळी आणतो,” शंतनू म्हणाला, आणि गेला. गुरुवार होता.

डेटाबँकेतल्या प्रत्येक नोंदीखाली, हे नाव कशावरून दिलं, याची एक ओळ असते. ती कुणी वाचत नाही. मीही वाचत नाही. नाव बघायचं आणि पुढं जायचं, अशीच आम्हा सगळ्यांची सवय.

शुक्रवारी सकाळी शंतनू ती ओळ वाचत बसला. पहिली नोंद म्हणत होती, अमुक प्रोटीनशी साम्य आहे म्हणून. ते अमुक प्रोटीन उघडलं, तर तिथंही तेच, तमुकशी साम्य आहे म्हणून. दहा नोंदी हातानं उघडल्या. मग त्यानं उरलेल्यांसाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला.

दुपारी तो जेवायला आला नाही. मी डबा घेऊन त्याच्या खोलीत गेले. पडद्यावर एक मोठी वंशावळ होती, टोकाला चार हजार नावं, आणि सगळ्या रेघा खाली खाली येत एका ठिकाणी मिळत होत्या.

“ताई,” तो म्हणाला, “एकानंही पाहिलेलं नाही.”

मी डबा टेबलावर ठेवला.

“आणि पारखी याच नावांवर शिकलाय. याच नावांवर मी त्याची परीक्षा घेतली...”

डबा तसाच राहिला. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा काळजी वाटली. आतापर्यंत फक्त हेवा वाटत आला होता.

पण शनिवारी सकाळी अकरा वाजता तो बाईंच्या खोलीत आला, तेव्हा पुन्हा पहिल्यासारखाच होता. हातात छापलेली वंशावळ, पाठ ताठ. कुणी तरी सापडल्याचा आनंद चेहऱ्यावर होता. बाईंकडे तेव्हा आम्ही पाच-सहा जण होतो. त्यानं सगळ्यांसमोरच सुरुवात केली.

रेश्माची चूक नाही, हे त्यानं आधी मान्य केलं, ही त्याच्या बाजूची गोष्ट. पारखीचीही नाही, हेही लगेच सांगितलं. चूक एकाच माणसाची आहे, आणि ती सत्तावीस वर्षांपूर्वीची आहे. कुणा पी. लोटलीकर नावाच्या माणसानं या कुळातल्या पहिल्या प्रोटीनला हे नाव दिलं. प्रयोग केला नाही. दुसऱ्या एका साखर तोडणाऱ्या प्रोटीनशी थोडंफार साम्य दिसलं, तेवढ्यावर नाव देऊन मोकळा झाला. पुढं सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली.

“या माणसानं पुढं काही केलेलं दिसत नाही,” शंतनू म्हणाला. “लोटलीकर नावाचा एकही पेपर नंतर नाही. असल्या लोकांना नोंदी करायला बसवतं कोण?”

“माझ्या गाईडनी, कर्णिक सरांनी बसवलं होतं,” बाई म्हणाल्या.

...

“लोटलीकर माझं माहेरचं नाव,” त्याच पुढं म्हणाल्या.

शंतनूच्या हातातला कागद हळूहळू खाली आला. एकोणीस वर्षं मी या बाईंबरोबर आहे, त्यांच्या मुलाच्या मुंजीत मी पंगतीत वाढलेलं आहे, आणि मला हे नाव माहीत नव्हतं.

बाईंनी हात पुढे केला.

“दाखव.”

त्यानं कागद दिला. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि ती वंशावळ टेबलावर पसरली. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उतरेल. उतरला नाही. लग्नातला जुना ग्रुप फोटो बघावा तशा त्या एकेका फांदीवर बोट ठेवत होत्या. ही कुठली, ही कोणत्या साली, या दोन फांद्या वेगळ्या कशा काढल्यास, एकाच नोंदीला दोन मुळं निघाली तेव्हा काय केलंस... शंतनू उत्तरं देत होता, आवाज मात्र त्याचा नव्हता.

“छान केलंयस,” बाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून चारदा ऐकला असेल. त्यांतला एकदाही माझ्यासाठी नव्हता. तरी त्या क्षणी मला इतकं भरून आलं, की मी खिडकीकडे बघायला लागले. सत्तावीस वर्षं जगभरातल्या लोकांनी ते नाव वाचलं आणि कुणी उलटून पाहिलं नाही. पाहिलं ते आमच्या दोन खोल्यांतल्या पोरानं.

“बाई,” शंतनू म्हणाला, “मूळ नोंदीत तुम्ही ‘संभाव्य’ लिहिलं होतं. मी पाहिलंय. पुढच्या लोकांनी नक्कल करताना तो शब्द गाळला. म्हणजे तशी तुमची चूक...”

“संभाव्य लिहिलं ना मी?”

“हो.”

“मग ते खरं की खोटं, हे बघायला कुणी जायचं होतं?”

तो पुन्हा वंशावळीकडे बघायला लागला.

“मी गेले नाही,” बाई म्हणाल्या. “माझं लग्न ठरलं होतं, जागा बदलली, दुसरं काम मिळालं. गेले नाही ते नाहीच. रेश्माला बोलाव. वही घेऊन ये म्हणावं.”

रेश्मा आली ती दारातच थांबली. तिला वाटलं, निकाल लागला. बाईंनी तिला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि शंतनूला त्या कुळातल्या प्रोटीनांचे क्रम पडद्यावर ओळीखाली ओळ लावून दाखवायला सांगितले. साखर तोडायला त्या प्रोटीनाला दोन ठिकाणी ठरावीक अमिनो आम्लं लागतात, कात्रीला दोन पाती लागतात तशी. एक जागा सगळ्यांत होती. दुसऱ्या जागी भलतंच काहीतरी होतं. एकात नव्हे, चार हजार एकशे बारांत.

पडद्यावर ते इतकं उघड दिसत होतं, की आम्हा सगळ्यांनाच शरम वाटली. नाव वाचून झाल्यावर क्रम कोण बघतो?

“म्हणजे एकच पातं आहे,” शंतनू म्हणाला. “हे तोडूच शकत नाही.”

“मग करतं काय?” बाईंनी विचारलं. त्याला नव्हे, रेश्माला.

रेश्मानं वही उघडली. अकरा वेळांचे अकरा तक्ते होते, निळ्या शाईत, प्रत्येकाखाली तारीख. किती साखर घातली, प्रोटीन बाजूला काढल्यावर पाण्यात किती उरली. अकराही वेळा घट जवळजवळ सारखीच होती.

“सांडली असती तर कधी जास्ती गेली असती, कधी कमी,” ती म्हणाली. “ही दर वेळेला तेवढीच जाती, बाई. मला वाटतं, ते धरून ठेवतंय.”

“कधी कळलं तुला हे?”

“चौथ्या वेळेला.”

“सांगितलं नाहीस?”

रेश्मानं शंतनूकडे बघितलं नाही. वहीकडेच बघत राहिली.

“सांगितलं होतं,” शंतनू म्हणाला. “मी... वही मागितली नाही कधी.”

त्यानं ती वही तेव्हा हातात घेतली. उभ्या उभ्याच पहिल्या पानापासून वाचायला लागला. आम्ही सगळे निघून गेलो तरी तो वाचतच होता, आणि रेश्मा त्याला कुठला आकडा कुठून आला ते सांगत होती.

रविवारी दोघं दिवसभर विभागात होते. मीही होते, उगीचच. साखर तोडणारं म्हणून जगभर ओळखलं जाणारं एक अख्खं कुळ साखर तोडत नाही, नुसतं धरून ठेवतं, आणि हे आमच्याकडे सापडलं. असा रविवार नोकरीत एखादाच येतो. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा साखर जास्त पडली.

नवा अहवाल शंतनूनं लिहिला. चांगला लिहिला. रेश्माचा प्रयोग फसलेला नाही, तोच खरा निष्कर्ष आहे, हे पहिल्याच वाक्यात. पुढं होणाऱ्या पेपरवर पहिलं नाव तिचं, दुसरं आपलं. पारखीच्या शहाण्णव टक्क्यांवर भरवसा ठेवू नये, तो आकडा नव्यानं काढावा लागेल, हेसुद्धा त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला, आणि मी तो त्याला बोलून दाखवला.

एकाच ठिकाणी तो अडला होता. मूळ चूक कुणाची?

बाईंची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. गौरव समारंभाची पत्रिका छापायला गेली होती. आणि समितीत असे दोघं होते, ज्यांना बाईंची एखादी चूक मिळाली तर पुरणपोळी मिळाल्याचा आनंद झाला असता. शंतनूनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, नाव कशाला? नाव नसलं तरी शास्त्र तेच राहतं.

त्यानं लिहिलं... ‘पूर्वीच्या एका नोंदीत अनवधानाने झालेल्या चुकीमुळे’.

आम्हा दोघांना ते वाक्य फार आवडलं.

सोमवारी साडेदहाला बैठक होती. दहा वाजता आम्ही बाईंच्या खोलीत गेलो. रेश्मा बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर वही.

बाईंनी अहवाल वाचायला घेतला. पहिलं पान वाचून त्यांनी मान हलवली. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. पेनाचं टोपण काढलेलं होतं, ते त्यांनी परत लावलं.

“जुना अहवाल आहे?”

शंतनूनं फायलीतून काढून दिला. गुरुवारचा, बिनसहीचा.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“या जुन्यात रेश्माचं नाव किती वेळा आलंय?”

शंतनू खाली वाकला. त्यानं मोजलं.

“चार वेळा, बाई.”

“चूक तिची आहे, हे तेव्हा नक्की माहीत होतं?”

“...नाही.”

“आणि या नव्यात लोटलीकर किती वेळा?”

उत्तर द्यायची गरज नव्हती. तरी बाई थांबून राहिल्या.

“एकदाही नाही,” शंतनू म्हणाला.

“चूक लोटलीकरची आहे, हे आता नक्की माहीत आहे?”

“हो.”

मी मध्ये बोलले. राहवलं नाही. सगळा दोष माझा, मीच त्याला सुचवलं, समारंभ तोंडावर आलाय, समितीतली माणसं कशी आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे, असं बरंच काही मी एका दमात बोलून गेले. बाईंनी ऐकलं. माझ्यावर रागावल्या नाहीत. नजर मात्र शंतनूवरून हलली नाही.

“तू सांग. का नाही लिहिलंस?”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

“तुमचा मान राहावा म्हणून, बाई.”

बाईंनी जुना अहवाल उलटा करून बाजूला ठेवला. नवा त्याच्याकडे सरकवला. आपलं पेन त्याच्यावर ठेवलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, आणि इतक्या प्रसन्न मी त्यांना कुठल्या पारितोषिकाच्या दिवशीही पाहिलेलं नाही.

“मग नाव लिहिण्याचा जो मान रेश्माला चारदा दिलास,” त्या म्हणाल्या, “तो मला एकदा तरी दे.”